मान आणि सत्ता : प्राचीन रोमच्या समाजरचनेची ओळख

प्राचीन रोममध्ये माणसाची पायरी त्याच्या अंगावर दिसे. सिनेटरच्या अंगरख्यावर जांभळा रुंद पट्टा असे. सिनेटरांच्या खालोखालच्या अश्वारोही वर्गातल्या माणसाचा पट्टा अरुंद, पण बोटात सोन्याची अंगठी. टोगा हे वस्त्र नेसण्याचा हक्क फक्त नागरिकाला. नाटक पाहायला गेल्यावर कोणी कुठे बसायचे, हेही कायद्याने ठरलेले होते. सिनेटर थेट रंगमंचासमोर बसत आणि इ.स.पू. ६७ च्या कायद्याने त्यांच्यामागच्या चौदा रांगा अश्वारोहींसाठी राखून ठेवल्या गेल्या. पहिला सम्राट ऑगस्टस याने पुढे या व्यवस्थेला आणखी बारीक कातर लावली. सैनिक आणि इतर नागरिक वेगळे बसू लागले, विवाहित पुरुषांना स्वतंत्र रांगा मिळाल्या, मुलांची जागा ठरली आणि त्यांच्या शेजारी त्यांच्या शिक्षकांची. बायकांची रवानगी अगदी वरच्या, मागच्या टोकाला झाली.

खूण नव्हती ती फक्त गुलामांना. सेनेका या तत्त्वज्ञाने एक प्रसंग नोंदवला आहे. गुलामांनी वेगळा पोशाख घालावा, असा प्रस्ताव एकदा सिनेटपुढे आला होता. पण रस्त्यावर एकमेकांना पाहून गुलामांनी आपली संख्या मोजायला सुरुवात केली तर काय, या विचाराने तो बारगळला. प्रत्येकाची पायरी दाखवण्याची एवढी हौस असलेल्या समाजाला ती कुठे दाखवू नये, हेही नेमके कळत होते.

रोमच्या समाजरचनेची माहिती देणारी पुस्तके बहुधा एक उतरंड मांडतात : वर सम्राट, त्याखाली सिनेटर, मग अश्वारोही, मग सामान्य नागरिक, मुक्त झालेले गुलाम आणि तळाला गुलाम. ही मांडणी चुकीची नाही, पण तिच्यावर विसंबून रोमचा इतिहास वाचायला घेतला की पदोपदी अडखळायला होते. गुलामगिरीतून सुटलेला माणूस सिनेटरांना भेटीसाठी ताटकळत ठेवतो. उच्च कुळातला तरुण आपले कूळ सोडून खालच्या वर्गात दत्तक जातो आणि त्यामुळेच बलवान होतो. रोममध्ये मान कायद्याने, जन्माने आणि मालमत्तेने ठरत असे, तर सत्ता ज्याच्या हाती सैन्य, पैसा किंवा सम्राटाचा कान असेल त्याच्याकडे जाई. ही दोन्ही एकत्र नांदावीत, अशी रोमन लोकांची मनापासून इच्छा होती. तसे फार थोडा काळ घडले, आणि रोमच्या राजकारणातली बरीचशी उलथापालथ या तफावतीतून झाली.

सुरुवातीच्या रोममध्ये ही तफावत जन्मावर उभी होती. इ.स.पू. ५०९ मध्ये राजेशाही संपली, अशी परंपरा सांगते. त्यानंतर नगराचा कारभार पॅट्रिशियन म्हणवणाऱ्या मोजक्या घराण्यांच्या हाती आला. उरलेले सगळे नागरिक प्लेबियन. हे सगळेच गरीब होते असे समजू नये. त्यांच्यात सधन शेतकरीही होते, पण दरवाजे त्यांनाही बंदच होते. सैन्यात लढायचे प्लेबियनांनी, कर्जापायी सावकाराच्या घरी राबायचेही त्यांनीच, आणि कायदा मात्र अलिखित आणि पॅट्रिशियनांच्या मुखी. इ.स.पू. ४९४ मध्ये प्लेबियनांनी जे केले त्याला आजच्या भाषेत संप म्हणता येईल. युद्ध तोंडावर असताना ते नगर सोडून जवळच्या टेकडीवर जाऊन बसले. तडजोड झाली तेव्हा त्यांच्या पदरात स्वतःचे प्रतिनिधी पडले. हेच ट्रिब्यून. ट्रिब्यूनच्या अंगाला हात लावणे हे महापाप ठरले आणि कोणत्याही अधिकाऱ्याचा हुकूम रोखण्याचा अधिकार त्याला मिळाला.

त्यानंतरचा लढा दोनशे वर्षे चालला. इ.स.पू. ४५१-४५० मध्ये कायदे बारा पाट्यांवर लिहून चौकात लागले. त्यात पॅट्रिशियन-प्लेबियन विवाहाला बंदी होती, ती इ.स.पू. ४४५ च्या कायद्याने उठली. इ.स.पू. ३६७ मध्ये कॉन्सल हे सर्वोच्च पद प्लेबियनांना खुले झाले. इ.स.पू. २८७ मध्ये प्लेबियन सभेचे ठराव साऱ्या रोमवर बंधनकारक ठरले.

या लढ्यात धर्माचा वाटा मोठा होता. युद्ध, निवडणूक, सभा, काहीही करायचे तर आधी देवाचा कौल घ्यावा लागे, आणि पक्ष्यांच्या उडण्यावरून तो कौल वाचण्याचा अधिकार पॅट्रिशियनांनी आपल्याकडे ठेवला होता. प्लेबियनांच्या हातून देवांशी व्यवहार होऊच शकत नाही, हा त्यांचा ठरलेला युक्तिवाद. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये रोमचा दाखला दिला तो याच मुद्द्यासाठी. प्लेबियनांना कॉन्सलपद मिळाले, तरी निवड देवतेला मान्य असावी लागे आणि ती मान्यता पुरोहितांच्या तोंडून यायची. म्हणून धर्माची सत्ता राजकीय हक्कालाही पुरून उरते, असे त्यांनी दाखवले. रोममध्ये हा बांध फुटला तो कॉन्सलपद खुले झाल्यावर जवळजवळ सात दशकांनी. इ.स.पू. ३०० मध्ये पुरोहित आणि शकुनवेत्त्यांची मंडळे प्लेबियनांना खुली झाली. रोमन वर्ग आणि जात यांतला फरक इथे ध्यानात घ्यावा. रोमन माणसाचा वर्ग एका पिढीत बदलू शकत असे, आणि राज्य तो बदल चक्क नोंदवहीत करून घेई.

लढा संपला, पण समता आली नाही. सधन प्लेबियन घराणी पॅट्रिशियनांत मिसळली आणि हा नवा सरदारवर्ग कुलीन म्हणून मिरवू लागला. ज्याच्या पूर्वजांत कोणी कॉन्सल झाला होता, तो कुलीन. अशा घरांच्या दिवाणखान्यात पूर्वजांचे मेणाचे मुखवटे ठेवलेले असत. घरात कोणी मोठा माणूस गेला की ते मुखवटे चढवून, ज्याच्या त्याच्या हुद्द्याचा पोशाख करून माणसे अंत्ययात्रेत चालत. मृताबरोबर त्याचे साऱ्या पिढ्यांचे पूर्वज चौकात येऊन बसत आणि मुलगा त्यांच्यासमोर भाषण करी. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने हा सोहळा पाहिला होता. तो पाहून कोणत्या तरुणाच्या मनात कीर्तीची इच्छा जागणार नाही, असे त्याला वाटले. ज्याच्या घरी मुखवटेच नाहीत, त्या तरुणाला काय वाटत असेल, याचा विचार त्याने केलेला दिसत नाही. असा माणूस कॉन्सल झालाच तर त्याला ‘नवा माणूस’ म्हणत, आणि त्यात कौतुकापेक्षा हेटाळणी अधिक असे. अर्पिनम या एकाच गावाने रोमला अशी दोन नवी माणसे दिली : सात वेळा कॉन्सल झालेला सेनानी मारियस आणि इ.स.पू. ६३ चा कॉन्सल सिसेरो. सिसेरोने आपले नवेपण शेवटपर्यंत मिरवलेही आणि मनाला लावूनही घेतले.

जन्माच्या जोडीला पैसा होताच. साधारण दर पाच वर्षांनी सेन्सॉर हे अधिकारी प्रत्येक नागरिकाची मालमत्ता नोंदवून घेत. या नोंदीवर सैन्यातली जागा ठरे आणि मताचे वजनही. कॉन्सल निवडणाऱ्या सभेत माणशी मत नसे. नागरिक १९३ गटांत विभागलेले असत आणि प्रत्येक गटाचे एक मत धरले जाई. जुन्या रचनेत त्यांतले १८ गट अश्वारोहींचे आणि ८० गट सर्वात श्रीमंत वर्गाचे होते, म्हणजे बहुमताला लागणाऱ्या ९७ पेक्षा एक जास्तच. मालमत्ता नसलेले हजारो लोक मिळून शेवटचा एकच गट होई. मतदान वरून सुरू होई आणि बहुमत झाले की थांबे. शेवटच्या गटाला बहुतेकदा दिवसभर उभे राहून मत न देताच घरी जावे लागे. मताचा हक्क कोणाचा काढून घेतला, असे म्हणायला मात्र कुठेच जागा नव्हती. रोमन चलाखी कोणती, हे पाहायचे असेल तर ही मतदानपद्धत पाहावी.

इ.स.पू. २१८ च्या एका कायद्याने सिनेटरांना मोठी मालवाहू जहाजे बाळगायला बंदी झाली. सिनेटरला शोभते ती जमीन, व्यापार हलका, असा त्यामागचा भाव. त्यामुळे सरकारी ठेके, करवसुली आणि मोठा व्यापार अश्वारोहींकडे गेला. नावापुरते घोडदळातले हे लोक हळूहळू रोमचे सावकार आणि ठेकेदार झाले. ऑगस्टसच्या काळात दोन्ही वर्गांच्या मालमत्तेची पायरी पक्की झाली : सिनेटरसाठी दहा लाख सेस्टर्स नाणी, अश्वारोहीसाठी चार लाख. लहान गावांत स्थानिक नगरसभेचे सदस्य व्हायला एक लाख लागत, असे कोमम गावच्या उदाहरणावरून दिसते. त्याच गावच्या धाकट्या प्लिनी या सिनेटरचे एक पत्र उपलब्ध आहे. रोमेटियस फर्मस नावाच्या बालमित्राला तो लिहितो की, तू नगरसभेचा सदस्य आहेस यावरून तुझ्याकडे एक लाख आहेत हे उघड आहे. अश्वारोही व्हायला कमी पडणारे तीन लाख मी देतो. मित्राने ही कृपा आठवणीत ठेवावी आणि नव्या पदाला शोभेल असे वागावे, हे सांगायला प्लिनी विसरत नाही. रोममध्ये बढती मोजून मिळत असे आणि बहुतेकदा कोणाच्या तरी हातून मिळत असे.

अशा उपकाराच्या नात्यांनी सगळा समाज विणलेला होता. आश्रयदाता आणि आश्रित यांचे नाते कायद्यात फारसे नव्हते, पण रूढीत घट्ट होते. पहाटे आश्रित टोगा नेसून मोठ्या माणसाच्या दारात हजर होत, नाव पुकारले की आत जाऊन नमस्कार करत, आणि पुढे चौकापर्यंत त्याच्यामागे चालत. मागे चालणाऱ्यांची संख्या हीच त्या माणसाची पत. बदल्यात आश्रिताला कोर्टात पाठिंबा, अडीअडचणीला मदत, शिफारस आणि पहिल्या शतकाच्या अखेरीस रोज काही नाणी मिळत. मार्शल या कवीच्या काळात हा भत्ता शंभर क्वाड्रान्स, म्हणजे सव्वासहा सेस्टर्स होता. तो स्वतः या रांगेत उभा राहून वैतागला होता, म्हणून त्याच्या चुरचुरीत कवितांत भल्या पहाटेचा चिखल आणि ओला टोगा पुन्हा पुन्हा येतात.

जेवणाच्या पंगतीतही पायरी सुटत नसे. प्लिनीने एका यजमानाकडच्या मेजवानीचे वर्णन केले आहे, यजमानाचे नाव मात्र गुलदस्त्यात ठेवून. त्याच्याकडे लहान सुरयांत तीन प्रतीची वाईन होती. पहिली त्याच्यासाठी आणि प्लिनीसारख्यांसाठी, दुसरी जरा कमी दर्जाच्या मित्रांसाठी, तिसरी त्याच्या आणि पाहुण्यांच्या मुक्त गुलामांसाठी. शेजारी बसलेल्याने विचारले, तू काय करतोस? प्लिनी म्हणाला, मी सगळ्यांना सारखेच वाढतो. खर्च परवडतो का, या प्रश्नावर त्याचे उत्तर मासलेवाईक आहे : त्या दिवशी माझे मुक्त गुलाम माझी वाईन पीत नाहीत, मी त्यांची पितो. सभ्य रोमन माणसाची समता एवढ्यापर्यंत जात असे.

घरात सत्तेचे रूप आणखी उघडे होते. कुटुंबातल्या सर्वात वडील पुरुषाचा मुलांवर, नातवंडांवर आणि गुलामांवर अधिकार होता, आणि जुन्या कायद्यात तो जीव घेण्यापर्यंत पोहोचत होता. वडील जिवंत असेपर्यंत मुलाच्या नावावर कायद्याने काहीच नसे, मग तो कॉन्सल का असेना. स्त्रीला मत नव्हते, पद नव्हते, आणि स्वतंत्र झाल्यावरही मोठ्या व्यवहारांसाठी पालक लागे. तीन मुले झालेल्या स्त्रीला (मुक्त झालेल्या गुलाम स्त्रीला चार) ऑगस्टसने या पालकाच्या जाचातून सोडवले. पण इथेही कागदावरची पायरी आणि प्रत्यक्षातली पकड वेगळी दिसते. वडील गेल्यावर अनेक स्त्रिया मोठ्या मालमत्तेच्या धनी होत. इ.स.पू. ४२ मध्ये युद्धखर्चासाठी १,४०० श्रीमंत स्त्रियांवर कर बसवायचे ठरले, तेव्हा हॉर्टेन्सिया नावाच्या स्त्रीने रोमच्या चौकात सत्ताधाऱ्यांसमोर उभे राहून त्याला विरोध केला. ज्या राज्यकारभारात आम्हाला वाटा नाही त्याचा खर्च आम्ही का द्यावा, हा तिच्या भाषणाचा रोख. कर देणाऱ्या स्त्रियांची संख्या ४०० वर आली. पाँपेईमध्ये युमाकिया या पुरोहित स्त्रीने चौकाला लागून स्वखर्चाने भली मोठी इमारत बांधली, आणि कपडे धुणाऱ्या-रंगवणाऱ्यांच्या संघाने तिथे तिचा पुतळा उभारला. युमाकियाला निवडणुकीला उभे राहता येत नव्हते, पण गावातल्या उमेदवारांना तिला डावलून चालले असेल असे वाटत नाही.

गुलाम या साऱ्या रचनेच्या खाली होते, आणि सारी रचना त्यांच्यावर उभी होती. कायद्याच्या लेखी गुलाम ही वस्तू. त्याचे लग्न लग्न नव्हे, आणि साक्ष घ्यायची तर छळ करूनच. पण गुलामांतही पायऱ्या होत्या. खाणीत किंवा मोठ्या शेतावर बेड्यांत राबणारा आणि धन्याचे हिशेब सांभाळणारा किंवा त्याच्या मुलांना ग्रीक शिकवणारा, दोघेही गुलामच, पण आयुष्य सर्वस्वी वेगळे. इ.स.पू. ७३ ते ७१ या काळात बंडाचा पुढारी स्पार्टाकस याच्या मागे गेले त्यांत शेतांवरच्या गुलामांचा मोठा भरणा होता. बंड मोडल्यावर कापुआ ते रोम या रस्त्यावर सहा हजार जणांना क्रुसावर चढवण्यात आले.

इ.स. ६१ मधली एक घटना या व्यवस्थेचा कणा दाखवते. रोमचा नगरप्रमुख पेडानियस सेकंडस याला त्याच्या एका गुलामाने घरात ठार मारले. जुन्या रिवाजाप्रमाणे अशा वेळी घरातल्या सगळ्या गुलामांना देहदंड द्यायचा असे. त्या घरात ते चारशे होते, त्यांत बायका-मुलेही. रस्त्यावर जमाव जमला आणि विरोध सुरू झाला. सिनेटमध्येही काहींना हे अघोरी वाटत होते. पण कायदेपंडित कॅसियस लाँगिनस उभा राहिला आणि त्याने भीतीशिवाय हा जमाव आवरता येणार नाही, असा युक्तिवाद केला. चारशे जणांना मारण्यात आले. दगड आणि मशाली घेऊन वाट अडवणाऱ्या लोकांना हटवायला सम्राट नीरोने रस्त्याच्या दुतर्फा सैनिक उभे केले. हे सारे इतिहासकार टॅसिटसने लिहून ठेवले आहे. नागरिकांच्या जमावाने गुलामांसाठी रस्त्यावर यावे, ही त्यातली सर्वात लक्ष देण्याजोगी गोष्ट. त्या जमावातल्या अनेकांचे आई-बाप किंवा आजी-आजोबा एकेकाळी गुलाम असणार.

कारण रोममध्ये गुलामांना मोठ्या प्रमाणावर मुक्त केले जाई आणि रोमन नागरिकाने रीतसर मुक्त केलेला गुलाम स्वतः नागरिक होई. ग्रीक नगरांत हे सहसा घडत नसे. ही उदारता फुकटची नव्हती. गुलामाला अनेकदा साठवलेली पुंजी देऊन स्वतःला विकत घ्यावे लागे, किमतीवर पाच टक्के कर भरला जाई, आणि मुक्त झाल्यावरही जुन्या धन्याची सेवा सुटत नसे. धन्याचे कुलनाम त्याच्या नावाला कायमचे चिकटे. सिसेरोचा लेखनिक टायरो मुक्त झाल्यावर मार्कस टुलियस टायरो झाला आणि धन्यामागे त्याचे लेखन जपत राहिला. मुक्तांची संख्या फार वाढते आहे असे वाटून ऑगस्टसने लगाम घातला. मृत्युपत्राने एका वेळी शंभरापेक्षा अधिक गुलाम सोडता येणार नाहीत, असे इ.स.पू. २ मध्ये ठरले. एवढी मर्यादा घालावी लागली, यावरून मोठ्या घरांतल्या गुलामांची संख्या किती असेल याची कल्पना येते.

मुक्त माणसाला सरकारी पद मिळत नसे, त्याच्या मुलाला मिळू शकत असे. पैसा मिळवायला मात्र त्याला कोणी अडवत नव्हते. रोमच्या पोर्ता माज्योरे या वेशीजवळ युरिसॅसेस नावाच्या बेकरीवाल्याची कबर आहे, इ.स.पू. पहिल्या शतकाच्या अखेरच्या दशकांतली. हा मुक्त गुलाम असावा असे अभ्यासक मानतात. कबरीच्या भिंतीत मोठी गोल तोंडे कोरली आहेत, ती कणीक मळण्याच्या यंत्रांची असावीत. वरच्या पट्टीत दळणे, मळणे, भाजणे, वजन करणे, सगळी कामे क्रमाने कोरलेली. आपण बेकरीवाले आणि सरकारी ठेकेदार आहोत, हे त्याने तीन बाजूंना लिहवून घेतले. सिनेटरांना जे लपवावेसे वाटले असते, ते या माणसाने गावाच्या वेशीवर दगडात मांडले.

अशा कबरींना आणखी एका कारणाने मोल आहे. रोमविषयी वाचायला मिळते ते बहुतेक वरून पाहिलेले आहे. टॅसिटस, धाकटा प्लिनी, कॅसियस डिओ हे लेखक सिनेटर, सुएटोनियस अश्वारोही. श्रीमंत मुक्त गुलामांची टर उडवण्यात त्यांना गोडी वाटे. पेट्रोनियसच्या कादंबरीतला ट्रिमाल्किओ हे त्याचे सर्वात गाजलेले उदाहरण. गुलामगिरी भोगलेला एपिक्टेटससारखा तत्त्वज्ञ विरळा. खालच्या पायऱ्यांवरचे लोक स्वतःच्या तोंडाने बोलतात ते शिलालेखांत, आणि तिथेही दगड कोरून घ्यायला ज्यांना परवडले तेच.

इ.स.पू. दुसऱ्या शतकापासून मान आणि सत्ता यांच्यातली फट झपाट्याने रुंदावली. दूरच्या युद्धांनी सिनेटरांच्या घरी संपत्ती आली आणि लहान शेतकऱ्याची जमीन गेली. इ.स.पू. १३३ मध्ये ट्रिब्यून टायबेरियस ग्रॅकसने सरकारी जमीन वाटण्याचा कायदा केला, आणि ज्या ट्रिब्यूनच्या अंगाला हात लावणे पाप होते त्याला सिनेटरांनीच काठ्यांनी मारून टाकले. इ.स.पू. १०७ मध्ये मारियसने मालमत्ता नसलेल्यांना सैन्यात घेतले. मोहीम संपल्यावर या सैनिकांना जमीन हवी असे, आणि ती सिनेटपेक्षा सेनापती मिळवून देईल असा त्यांना भरवसा होता. पुढच्या यादवी युद्धांची बीजे यात आहेत.

पब्लियस क्लोडियसची गोष्ट याच काळातली. जन्माने तो अस्सल पॅट्रिशियन, पण त्याला हवे होते ट्रिब्यूनपद, आणि ते फक्त प्लेबियनांना मिळे. इ.स.पू. ५९ मध्ये तो एका प्लेबियनाला दत्तक गेला. हा नवा बाप त्याच्यापेक्षा वयाने लहान होता. सोपस्कार ज्युलियस सीझरने मुख्य पुरोहित म्हणून पार पाडले. दुसऱ्या वर्षी क्लोडियस ट्रिब्यून झाला, त्याने नागरिकांना मोफत धान्य सुरू केले आणि सिसेरोला हद्दपार व्हायला लावले. साडेचारशे वर्षांपूर्वी प्लेबियन ज्या मानासाठी झगडले, तो एका पॅट्रिशियनाने सत्तेसाठी अंगावरून झटकून टाकला.

ऑगस्टसचे यश हे की त्याने ही फट नीट झाकली. सिनेट राहिली, कॉन्सल राहिले, रांगा आणि पट्टे तर पूर्वीपेक्षा कडक झाले. स्वतः त्याने राजा हे नाव टाळले आणि इ.स.पू. २३ पासून पद न घेता ट्रिब्यूनचे अधिकार तेवढे घेतले. आपल्या कार्याच्या लेखात तो सांगतो की पदाचा अधिकार माझ्याकडे सहकाऱ्यांपेक्षा जास्त नव्हता, वजन तेवढे जास्त होते. सैन्य कोणाकडे होते, याचा उल्लेख त्या वाक्यात येत नाही. धान्याचे कोठार असलेल्या इजिप्तवर त्याने अश्वारोही अधिकारी नेमला आणि सिनेटरांना परवानगीशिवाय तिथे पाऊल टाकायला मनाई केली. सर्वात मानाचे लोकच सर्वात धोक्याचे होते. सम्राट टायबेरियसच्या काळात अंगरक्षक दलाचा अश्वारोही प्रमुख सेजानस याच्या दारात सिनेटर गर्दी करत. इ.स. ३१ मध्ये तो पडला तो सम्राटाच्या एका पत्रासरशी. सम्राट क्लॉडियसच्या काळात मुक्त गुलाम नार्सिसस पत्रव्यवहार आणि पॅलस खजिना सांभाळत होते. इ.स. ५२ मध्ये सिनेटने पॅलसला उच्च पदाची मानचिन्हे आणि दीड कोटी सेस्टर्स देऊ केले. त्याने मान घेतला, पैसे नाकारले, आणि सिनेटने त्याच्या या साधेपणाचीही स्तुती कोरून ठेवली. अर्धशतकानंतर प्लिनीने तिबुरच्या रस्त्यावर पॅलसच्या कबरीवर त्या मानाचा उल्लेख वाचला. त्याने सिनेटचा मूळ ठराव शोधून काढला आणि संतापाने दोन पत्रे लिहिली.

रोमबाहेर चित्र जरा निराळे होते. इटलीतल्या मित्रनगरांना नागरिकत्व मिळाले ते इ.स.पू. ९१ मध्ये पेटलेल्या युद्धानंतर. प्रांतांत ते हळूहळू पाझरत गेले. सहायक दलात पंचवीस वर्षे नोकरी केली की सैनिकाला मिळे, स्थानिक पुढाऱ्यांना मिळे, कधी विकतही मिळे. जेरुसलेममध्ये संत पॉलला फटके मारायची तयारी झाली, तेव्हा आपण रोमन नागरिक आहोत असे सांगताच सैनिक थबकले. तिथल्या अधिकाऱ्याने आपण हे नागरिकत्व मोठी रक्कम मोजून घेतल्याचे सांगितले, पॉलला ते जन्मतः होते. इ.स. ४८ मध्ये क्लॉडियसने गॉलमधल्या पुढाऱ्यांना सिनेटमध्ये घेण्यासाठी भाषण केले. त्या भाषणाचा ब्राँझचा पत्रा लिऑन शहरात १५२८ मध्ये सापडला. रोम पहिल्यापासून परक्यांना सामावून मोठे झाले, हा त्यातला मुद्दा. इ.स. २१२ मध्ये सम्राट कॅराकॅलाने साम्राज्यातल्या जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांना नागरिक केले.

तोवर नागरिकत्वाचे मोल उतरले होते. दुसऱ्या शतकापासून न्यायालये नागरिकांतच दोन भाग पाडू लागली : सिनेटर, अश्वारोही, नगरसभासद आणि निवृत्त सैनिक हे मानाचे, बाकीचे सामान्य. गुन्हा एकच, शिक्षा दोन. शेतीची हद्द दाखवणारे दगड हलवण्याच्या गुन्ह्याबद्दल सम्राट हेड्रियनने दिलेला निर्णय उपलब्ध आहे. बांध कोरणारा प्रतिष्ठित असेल तर त्याला काही काळ हद्दपार करायचे. दुसऱ्याच्या सांगण्यावरून राबणारा असेल तर फटके आणि दोन वर्षे सक्तमजुरी. जो बचाव पॉलला सहज मिळाला, तो दोनशे वर्षांनी गरीब नागरिकाला मिळण्याची खात्री उरली नव्हती.

तिसऱ्या शतकात मान आणि सत्ता यांची उघड फारकत झाली. इ.स. १९३ मध्ये मुक्त गुलामाचा मुलगा पर्टिनॅक्स सम्राट झाला, पण तो निदान सिनेटर होता. इ.स. २१७ मध्ये आलेला मॅक्रिनस सिनेटरही नव्हता. पुढे सम्राट गॅलिएनसच्या काळात सिनेटरांकडून सैन्याची सूत्रे काढून घेतली गेली आणि सैन्यातून वर आलेले सेनाधिकारी सम्राट होऊ लागले. चौथ्या शतकात राज्याला कर आणि माणसे जागच्या जागी हवी होती, म्हणून पायऱ्या वंशपरंपरेने बांधल्या गेल्या. नगरसभासदाच्या मुलाला कर गोळा करण्याची जबाबदारी टाळता येईना. इ.स. ३३२ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने पळालेल्या कुळांना जमीनमालकाकडे परत पाठवण्याचा, पळण्याच्या बेतात असलेल्यांना बेड्या घालण्याचा हुकूम काढला. वरच्या टोकाला उलट घडत होते. कॉन्स्टँटिनोपलला दुसरी सिनेट झाली, सभासद वाढले, आणि सिनेटरची जुनी पदवी इतक्यांना मिळाली की तिच्यावर दुसरी आणि दुसरीवर तिसरी काढावी लागली. पाचव्या शतकाच्या अखेरीस सिनेटचे खरे सभासदत्व फक्त तिसऱ्या पदवीवाल्यांपुरते उरले, आणि ती पदवी सम्राटाच्या नोकरीतून मिळत असे.